आकाशकंदील : टांगायचा की सोडायचा?

वाळवंटीकाठ : गोव्यातील साखळी गावच्या शाळकरी मुलांसाठी जगभरच्या दीपोत्सवांवरची एक पुस्तिका मराठीत करताना मी थायलंडपाशी येऊन अडले आहे. पाण्यात दिवे सोडण्याच्या लोय क्रथोंग या सणाने फारसा त्रास दिला नाही, कारण केळीच्या खांबाची चकती, तिला केळीच्या पानांची दुमडलेली कड, आत मेणबत्ती, उदबत्ती आणि फुले, अशा वस्तूला आपण द्रोणच म्हणू. परंतु त्याच सुमारास चिआंग माईकडे यी पेंगच्या सणाला कागदी दिवे पेटवून हवेत सोडतात, त्यांना मी 'आकाशकंदील' लिहिले, आणि मजकूर तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'उडते दिवे' केले. आकाशकंदील दारात टांगतात, तो आकाशात जात नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. जो खरोखर आकाशात जातो त्यालाच हे नाव नाकारावे, हे मला पटत नाही.

अंत्रुजकर : आपल्या तपासनीस बाईंचे म्हणणे योग्य आहे, पण त्यांनी 'कंदील' आधीच खोडायला हवा होता. कार्तिकात उंच खांबावर लावायचा तो आकाशदीप. काशीच्या घाटांवर आजही बांबूच्या टोकाला टोपली बांधून तिच्यात दिवा ठेवतात आणि दोरीने वर चढवतात. येथे 'आकाश' हा शब्द दिव्याची उंची सांगतो, त्याचे उड्डाण नव्हे. गोव्यात घरोघरी 'आकाशदिवो' म्हणतात, मग मराठी लिहिताना 'आकाशदिवा' लिहायला काय हरकत आहे? कंदील पुणे-मुंबईकडून आला.

बार्देशी : कंदील पुण्याहून नव्हे, लिस्बनहून आला, असे माझे आजोबा छातीठोकपणे सांगत. पोर्तुगीजांच्या दिव्याला 'कांदेया' म्हणतात, हा त्यांचा पुरावा होता.

तिठ्यावरचा : आजोबांनी नाते बरोबर ओळखले, फक्त चुलत्याला बाप ठरवले. लॅटिनमधील 'कांदेला' ग्रीकमार्गे अरबीत जाऊन 'किंदील' झाला, तो फारसीतून आपल्याकडे आला, आणि पोर्तुगीजांचा 'कांदेया' त्याच लॅटिन शब्दाची दुसरी शाखा आहे. तुर्कस्तानात तर वर्षातील पाच पवित्र रात्रींनाच 'कांदिल' म्हणतात, कारण त्या रात्री मशिदींचे मिनार दिव्यांनी उजळत असत. इतका प्रवास केलेल्या शब्दाला अंत्रुजकर परका म्हणत असतील, तर त्यांनी 'साबण' आणि 'बटाटा'ही सोडून द्यावा.

अंत्रुजकर : बटाटा मी खातो, देवापुढे लावत नाही.

होडीवाला : मूळ प्रश्न वाहून चालला आहे, म्हणून लिहितो. साखळीच्या विठ्ठलापूरला त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री वाळवंटी नदीत दिव्यांनी सजवलेल्या होड्या सोडतात. थायलंडचा द्रोणही बहुधा त्याच पौर्णिमेला पाण्यात जातो. 2024 साली दोन्ही सण 15 नोव्हेंबरला आले होते. होडीचे काम कागदावर सोपे वाटते, पण शिडाकडे जरा जास्त पुठ्ठा लागला की ती पाण्यात टेकताच कलते आणि पणतीतले तेल नाकाडावर सांडते. तरीही त्या होड्यांना आम्ही 'तरत्या होड्या' असे वेगळे नाव दिलेले नाही. 'होड्या सोडतात' एवढ्याने भागते. थाई भाषेत 'लोय' म्हणजे तरंगणे, आणि हवेतील दिव्यालाही ते 'खोम लोय' म्हणतात. मराठीत ढगही तरंगतो आणि पानही तरंगते. म्हणून नाम तेच राहू द्यावे आणि क्रियापद बदलावे : आपण आकाशकंदील लावतो, ते सोडतात.

अंत्रुजकर : आणि ते वाचून एखादे पोर दारातला कंदील पेटवून गच्चीवरून सोडील, त्याची जबाबदारी कोण घेणार?

तिठ्यावरचा : त्या वस्तूची रचना पाहिली तर तो ना दीप, ना कंदील. पातळ कागदाची पिशवी, खाली बांबूचे किंवा तारेचे कडे, मधोमध मेणात भिजवलेला बोळा. आतली हवा तापून हलकी होते आणि पिशवी वर जाते. त्याला सरळ 'कागदी फुगा' म्हणावे.

वाळवंटीकाठ : फुगा म्हटले की सणच फुटतो. होडीवाल्यांची सूचना मला आवडली, पण चित्राखाली केवळ नाम द्यायचे आहे, तेथे क्रियापदाला जागा नाही.

बार्देशी : विषय निघालाच आहे तर विचारतो. माझ्या शेजाऱ्यांनी दिवाळीला लावलेली कागदी चांदणी नाताळ होईपर्यंत दारावरच असते, आणि डिसेंबर लागला की आमच्या वाड्यावर तिला 'नखेत्र' म्हणू लागतात. वस्तू तीच, दिवाही तोच. मग मराठीत तिचे नाव महिना पाहून बदलायचे काय?

अंत्रुजकर : नखेत्र हे नक्षत्राचेच रूप आहे, त्यामुळे माझी हरकत नाही. बाराही महिने म्हणावे.

तिठ्यावरचा : मराठीत नक्षत्र म्हणजे सहसा ताऱ्यांचा समूह, एकटी चांदणी नव्हे. शुद्धतेचा आग्रह धरायचा तर येथेही धरावा.

वाळवंटीकाठ : पुस्तिका सोमवारी छपाईला जाणार आहे. चित्राखाली काय लिहू?

बार्देशी : आमच्या वाड्यावर एकट्या ताऱ्यालाही नखेत्रच म्हणतात, तिठ्यावरच्यांनी एकदा डिसेंबरात येऊन ऐकावे.