श्वास परत बघितला आणि या वेळी वेगळ्याच माणसासाठी रडलो

उशिराची लोकल
२००४ साली शाळेने आम्हाला श्वास दाखवायला नेलं होतं. सातवीत होतो, तिकिटाचे पैसे डायरीत चिठ्ठी देऊन घरून मागवलेले. तेव्हा अख्खा पिक्चर मी त्यातल्या परश्या नावाच्या पोराच्या बाजूने बघितला, म्हणजे कॅन्सर वगैरे काही डोक्यात शिरलं नाही, फक्त या पोराचे दोन्ही डोळे काढणार एवढंच. घरी येऊन रात्री डोळे मिटून भिंतीला हात लावत मोरीपर्यंत जायचा प्रयोग केला, पाय बादलीत गेला, आईने पाठीत धपाटा घातला, विषय संपला.

आता दोन महिन्यांपूर्वी बाबांना काचबिंदू निघाला. उजव्या डोळ्याची बरीचशी नजर गेलीय आणि यात गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून सांभाळायची. डॉक्टरांनी हे मला दीड मिनिटात सांगितलं, बाबा तेव्हा बाहेर फाईल घेऊन बसलेले. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं काय म्हणाले, तर मी म्हटलं थेंब दिलेत, होईल बरं. रिक्षात बसेपर्यंत स्वतःचीच लाज वाटायला लागली.

त्याच आठवड्यात रात्री झोप येईना म्हणून श्वास लावला. या वेळी परश्याकडे लक्षच गेलं नाही हो. अरुण नलावडेंचे आजोबा आणि त्यांचा तो चेहरा, नातवाला हे सांगायचं कसं, कुठल्या शब्दात, यातच तो म्हातारा पार पिळून निघतो. ऑपरेशनच्या आधी ते पोराला घेऊन हॉस्पिटलमधून गायब होतात, ते मला लहानपणी मजेशीर वाटलं होतं, की वा, आजोबांनी पळवलं! आता कळलं की म्हाताऱ्याला सांगता येईना म्हणून त्याने दाखवलं, जेवढं शहर एका दिवसात मावेल तेवढं.

तुमच्याबाबतीत असं झालंय का, सिनेमा तोच पण परत बघताना पार्टी बदलली?

गावठी कोंबडा
धागा आवडला. माझ्यासाठी फँड्री, आणि जे झालं ते सांगायला बरं वाटत नाही पण सांगतो.

फेब्रुवारी २०१४, रिलीजच्याच आठवड्यात हॉस्टेलची आठ-दहा पोरं गेलो होतो. शेवटाकडे तो शाळकरी जब्या आणि त्याच्या घरचे डुकरामागे पळतात ना, सगळं गाव तमाशा बघत उभं, तेव्हा थेटरात हशा पिकला होता आणि मी पण हसत होतो, चांगला खिदळून. शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि हे सगळे जागच्या जागी थबकतात, डुक्कर मात्र समोरनं आरामात निघून जातं, तिथे तर टाळ्या. आणि मग जब्या तो दगड भिरकावतो, सरळ कॅमेऱ्याकडे. पडदा काळा. आमच्या रांगेत कुणी कुणाकडे बघेना.

पण खरी गोष्ट पुढची. पाच-सहा वर्षांनी परत बघितला तेव्हा मी जब्याकडे बघतच नव्हतो, त्याच्या बापाकडे, कचरूकडे बघत होतो. पहिल्यांदा तो बाप मला नुसता लाचार वाटलेला, पोराला शाळेतनं ओढून डुकरं धरायला लावतो म्हणून राग यायचा. तोवर मी स्वतः बहिणीच्या लग्नासाठी एकाकडनं पैसे उचलले होते आणि त्याच्यासमोर उभं राहताना मान आपोआप किती खाली जाते ते कळलं होतं. कचरू डुकरं धरतो ते पोरीच्या लग्नाच्या पैशासाठी, हे मला पहिल्या वेळी दिसलंच नव्हतं!! किशोर कदम त्यात वाकून उभे राहतात ना, ते बघवत नाही.

ताकभात
थोडा विरोधी सूर. श्वास चांगलाच आहे पण मला त्यातलं संगीत सारखं कोपर मारतं, की आता रडा, आता रडा. तेव्हा श्यामची आईनंतर पन्नास वर्षांनी मराठीला राष्ट्रीय पुरस्काराचं सुवर्णकमळ मिळालेलं आणि ऑस्करसाठी लोक वर्गणी काढत होते, त्यामुळे असं काही बोलायची सोयच नव्हती, आमच्या घरी तर मला वाळीतच टाकलं असतं. त्यापेक्षा सैराटचा शेवट बघा. झिंगाटवर नाचलेल्या त्याच थेटरात आवाजच काढून घेतलाय. ते पोर रक्ताची पावलं उमटवत जातं, एक सूर नाही. परत बघायची मात्र हिंमत नाही, त्यामुळे पार्टी बदलली का ते सांगू शकत नाही.

पायरीवरची मांजर
उंबरठा. (१९८२, जब्बार पटेल, स्मिता पाटील.)

आमच्याकडे सुन्या सुन्या मैफिलीत लागलं की आई गुणगुणायची, पण सिनेमाचं नाव काढलं की म्हणायची "गाणी छान आहेत, पण बाईने पोरीला टाकून जायला नको होतं." मीही तेच धरून चालले होते. सुलभा महिलाश्रमात नोकरीला जाते, मुलीला जावेकडे ठेवून, आणि परत येते तेव्हा मुलगी परक्यासारखी बघते, तर मला वाटायचं भोग आता.

मग मी स्वतः लेकीला आईकडे ठेवून चौदा महिने परगावी पोस्टिंगवर राहिले. सुट्टीत आले की लेक पहिले दोन तास आजीच्या पदराआडून माझ्याकडे बघायची. त्यानंतर उंबरठा लावला आणि तो मुलीचा सीन आला तेव्हा मी पॉज करून गॅसवरचं दूध बघायला गेले, गॅसवर दूध नव्हतंच. मागून आई म्हणाली, "अगं लाव ना पुढे." आम्ही दोघींनी शेवटपर्यंत बघितला, ती ट्रेनमध्ये बसते तिथपर्यंत. आई काहीच बोलली नाही, तिचं ते नेहमीचं वाक्यसुद्धा नाही.

ताकभात, संगीताबद्दल सहमत, पण नलावडेंना त्यातून वगळा बरं का.

उशिराची लोकल
@ताकभात, संगीताचं मान्य. आता लक्षात आल्यावर खटकतंय, धन्यवाद (की काय).

@गावठी कोंबडा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

अपडेट: बाबांना सांगितलं. म्हणजे सांगायला गेलो तर ते म्हणाले, फाईल माझ्याच मांडीवर होती की रे, वाचली मी, डाव्या डोळ्याने. मग काल त्यांच्याबरोबरच श्वास परत लावला. टीव्हीपासून तीन फुटांवर खुर्ची, मान जरा उजवीकडे वळवून बसतात हल्ली. आजोबा पोराला घेऊन हॉस्पिटलमध्ये परत येतात तिथे म्हणाले, "त्या डॉक्टरची पण कमाल आहे, तिथे कुणी आरडाओरडा करायचं ते?" म्हणजे त्यांची पार्टी तिसरीच निघाली. मध्येच दोनदा आवाज वाढवायला लावला.

उंबरठा पुढच्या रविवारी.