घरीच केस रंगवायला शिकायचंय, कुठून सुरुवात करू?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. माझं वय ४७, इथल्या एका पतसंस्थेत काउंटरवर बसते. केस चाळिशीच्या आधीच पिकायला लागले. आता पुढचा भांग आणि दोन्ही कानशिलं जवळजवळ पांढरी आहेत, मागचे केस मात्र अजून काळे आहेत. गेली तीन वर्षं दर पाच आठवड्यांनी पार्लरमध्ये जाऊन मुळांना रंग लावून घेते. एका वेळचे ८५० रुपये. परवा मुलीच्या हॉस्टेलची फी भरायची म्हणून वही घेऊन बसले आणि वर्षाचा हिशोब मांडला. दहा वेळा धरले तरी साडेआठ हजार होतात. तेवढ्यात तिची दोन महिन्यांची मेस निघते.

रंग लावणं मला सोडायचं नाहीये. "पांढरे केसही छान दिसतात, राहू द्या" असं कृपया कुणी सांगू नका. मध्ये एकदा रंगाला दोन महिने उशीर झाला, तेव्हा माझ्याहून वयाने मोठे एक खातेदार मला "आजी, पासबुक भरून द्या" म्हणाले. ते त्या दिवशी रात्रीपर्यंत मनातून गेलं नाही.

तर प्रश्न असा की घरी नेमकं कसं करायचं? पावडर बरी की क्रीम? एक पॅक किती वेळा पुरतो? बाथरूमची फरशी पांढरी आहे, घर भाड्याचं आहे, डाग पडले तर मालक बोलतील.

आणखी एक. शेवटच्या दोन वेळी पार्लरमध्ये रंग लावल्यावर कानामागे आणि मानेवर चुणचुणलं, दुसऱ्या दिवशी खाज होती. पार्लरवाल्या बाई म्हणाल्या, उन्हाळा आहे, घामाने होतं. घरी लावताना त्यासाठी काही काळजी घ्यायची का?

मागांच्या गावची (इचलकरंजी)

ताई, मी अकरा वर्षं पार्लर चालवलं, गुडघे बोलायला लागले तेव्हा बंद केलं. तुमच्या त्या ८५० मध्ये रंगाचा खर्च फार तर शंभर-सव्वाशे. बाकी जागेचं भाडं, वीज आणि लावणारीचा हात. तो हात तुम्हाला शिकता येतो, अवघड काही नाही.

क्रीम घ्या, पावडर ओघळते. आणि अख्खी ट्यूब पिळू नका, पैसे वाचतात ते इथेच. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. पाच आठवड्यांची मुळं म्हणजे साधारण बोटाच्या अर्ध्या पेराएवढी, आणि तुम्हाला तर पुढचेच केस रंगवायचेत. स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा. पॅकवर क्रीम आणि डेव्हलपर (रंगाच्या क्रीममध्ये कालवायचं सोबतचं द्रावण) एकास एक लिहिलं असेल तर २० ग्रॅम क्रीम, २० ग्रॅम डेव्हलपर. प्रमाण पॅकवरचंच ठेवायचं, अंदाजाने नाही. न कालवलेली ट्यूब खालून दाबून हवा काढून टोपण घट्ट लावा, पुढच्या वेळी चालते. कालवलेला रंग मात्र कधीही ठेवू नका. त्यातून वायू सुटत राहतो, बंद बाटलीत घातला तर बाटली फुटते. वाटी प्लास्टिकची किंवा काचेची घ्या. स्टील नको, अॅल्युमिनियम तर नकोच.

आदल्या दिवशी केस धुवा, रंगाच्या दिवशी शाम्पू नको. भांग आडवा-उभा पाडून डोक्याचे चार भाग करा, पिना लावा. कपाळाच्या कडेला आणि कानांच्या पाळीला व्हॅसलीन. सुरुवात कानशिलांपासून, कारण तिथला पांढरा केस सगळ्यात चिवट असतो, त्याला रंग धरायला वेळ लागतो. ब्रशच्या मागच्या टोकाने पातळ पापुद्रा उचलायचा, त्याच्या मुळाला रंग टेकवायचा, तो पलीकडे टाकायचा, पुढचा उचलायचा. कांद्याचे पापुद्रे सुटे करतो ना, तेवढा पातळ. जाड बट घेतली की वरून काळं दिसतं आणि वाळल्यावर आतून पांढरं डोकावतं. ही चूक नव्या मुली हमखास करायच्या, मी त्यांना परत पिना काढायला लावायची. वेळ मोजायचा तो शेवटचा पापुद्रा झाल्यावर.

टोकांपर्यंत दर वेळी ओढू नका. तिथे आधीचा रंग असतोच, थरावर थर बसून टोकं कोळशासारखी होतात. आणि काळ्याऐवजी गडद तपकिरी घ्या. रंगावर रंग चढतो, पण रंगाने रंग उतरत नाही. जास्त काळं झालं तर फिकी ट्यूब आणून काही होणार नाही.

फरशीवर थेंब पडला की त्याच क्षणी ओल्या फडक्याने पुसा. वाळू दिलात तर मालक बोलणारच.

चुणचुणतं ते अमोनियामुळे असेल, तो तिखट असतो. अमोनिया नसलेला रंग घ्या, थांबेल.

रानजाई (नाशिक)

इचलकरंजीच्या वहिनींनी हाताचं काम फार छान सांगितलंय, पण कृष्णाकाठ, तुम्ही आत्ता काहीही विकत आणू नका. तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून माझ्या पोटात गोळा आला. माझंही असंच सुरू झालं होतं.

पक्क्या रंगांमध्ये बहुतेक वेळा पीपीडी नावाचं रसायन असतं. पॅकच्या कडेला बारीक अक्षरात पॅराफेनिलीनडायअमीन असं लिहिलेलं असतं. केस काळा-तपकिरी होतो तो त्याच्या जोरावर. अमोनिया वेगळा. अमोनिया नसलेल्या रंगातही पीपीडी किंवा त्याचं भावंड असू शकतं. "हर्बल" लिहिलेल्या काळ्या मेंदीच्या पुड्यातही असतं. लावताना डोळ्यांना-टाळूला झोंबणं ही एक गोष्ट झाली. धुतल्यावर दुसऱ्या दिवशी कानामागे, मानेवर, पापण्यांवर खाज येणं म्हणजे अंगाने त्या रसायनाशी वैर धरलंय असं असू शकतं. आणि एकदा धरलं की ते सुटत नाही, पुढच्या वेळी जास्त उठतं. म्हणूनच तीन वर्षं काही झालं नाही आणि आता होतंय, असं घडतं.

माझी दोन वर्षं नुसती खाज होती. मी कोरफड लावायची आणि गप्प बसायची. मग एका गणपतीत गौरी बसायच्या आदल्या दिवशी घरी रंग लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाळ जड वाटलं, संध्याकाळी डोळ्यांच्या फटी राहिल्या, कानांच्या मागून पिवळं पाणी झिरपत होतं, उशीचा अभ्रा कडक झाला होता. गौरी जेवायच्या दिवशी मी दवाखान्यात. सासूबाईंनी एकटीने सोळा भाज्या केल्या. डॉक्टरांनी आठवडाभर स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि हा रंग पुन्हा आयुष्यात नको म्हणून सांगितलं.

एक विचारते. तुम्ही कधी हातावर काळ्या मेंदीचा कोन काढून घेतला होता का? तासाभरात काळाकुट्ट रंग येतो, तो?

कृष्णाकाठ (सांगली)

रानजाई, तुमचा प्रश्न वाचला आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला. हो. भाच्याच्या लग्नात, सहा-सात वर्षांपूर्वी. हॉलबाहेर एक मुलगा कोन घेऊन बसला होता, सगळ्या जणींनी काढली म्हणून मीही मनगटापर्यंत काढली. चौथ्या दिवशी नक्षी जशीच्या तशी वर उठली. मोराची मान, पानं, ठिपके, सगळ्यावर बारीक फोड. जिथे मेंदी नव्हती तिथली कातडी अगदी स्वच्छ. महिनाभर पुसट खुणा होत्या. मला वाटलं होतं कोन शिळा असेल. केसांच्या रंगाशी त्याचा संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही.

रानजाई (नाशिक)

त्या कोनात फार वेळा हेच पीपीडी मिसळलेलं असतं. खऱ्या मेंदीचा रंग हातावर काळा चढत नाही, केशरी ते लालसर-तपकिरीच चढतो.

त्वचेच्या डॉक्टरांकडे जा आणि पॅच टेस्ट करून मागा. पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवतात, ४८ तासांनी काढून बघतात, मग पुन्हा एक-दोन दिवसांनी बघतात. तोवर पाठीला पाणी लागू द्यायचं नाही. जाताना पार्लरमध्ये कुठला रंग वापरला ते विचारून त्याच्या पॅकचा फोटो घेऊन जा. घरी कानामागे थेंब लावून बघणं हे ज्यांना अजून काही झालेलं नाही त्यांच्यासाठी ठीक. तुम्ही ते घरी करू नका.

मागांच्या गावची (इचलकरंजी)

रानजाईताईंचं बरोबर आहे आणि माझं चुकलं. अमोनियाचं मी सांगितलं ते मागे घेते, कुणी वाचून तसं करू नका. आम्ही पार्लरमध्येही ४८ तास आधी टेस्ट करत नव्हतो. गिऱ्हाईक उभ्या उभ्या यायचं, लग्न उद्यावर असायचं. करायला हवी होती, हे आता जाणवतंय.

डॉक्टरांनी पीपीडी बंद सांगितलं तर दुसरा रस्ता आहे, मेंदी आणि नीळ (कपड्यांना घालतो ती नव्हे, निळीच्या झाडाच्या पानांची पूड). माझ्या दोन गिऱ्हाइकांचं मी तसंच करायची. मेंदी कोमट पाण्यात अर्धं लिंबू पिळून रात्री कालवून झाकून ठेवायची. सकाळी तेल नसलेल्या, धुऊन वाळवलेल्या केसांना लावायची, दोन-तीन तास. नुसत्या पाण्याने धुवायची. पांढरा केस गाजरासारखा दिसेल, घाबरू नका, तो नीळ धरायला तयार झाला. मग निळीच्या पानांची पूड कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून कालवायची, दहा-पंधरा मिनिटं ठेवायची आणि लगेच लावायची. हिला रात्रभर भिजवायचं नाही आणि लिंबू तर अजिबात नाही, जोर जातो. दीड तासाने पाण्याने धुवा, दोन दिवस शाम्पू नको. पहिल्या दिवशी हिरवट झाक दिसते, हवेने दोन दिवसांत गडद होते.

वेळ मात्र जातो, सगळी सकाळ. पापुद्रे इथेही तेवढेच पातळ.

मुठेकाठचा (पुणे)

बायकोचा खांदा आखडलाय, हात वर जात नाही, त्यामुळे चार वर्षं तिच्या डोक्याला मेंदी आणि नीळ मीच लावतो. एक भर घालतो. निळीची पूड हिरवी असते आणि पाण्यात कालवली की ओल्या मटारच्या शेंगांसारखा वास येतो. पुडा उघडल्यावर पूड काळी किंवा करडी निघाली तर दुकानदाराला परत द्या. "इंडिगो" लिहून आत भलतंच विकतात. पुड्यावर घटकांमध्ये फक्त पानाचं नाव हवं. आणि निळीचीही कुणाला अॅलर्जी असू शकते, तेव्हा डॉक्टरांना दोन्ही पुडे दाखवा.

कृष्णाकाठ (सांगली)

महिन्याने परत आले. टेस्ट केली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाठीचा फोटो काढून दाखवला. सगळ्या चौकोनांमध्ये एकच लाल, फुगलेला, वर दोन बारीक पुटकुळ्या. पीपीडी. त्यांनी एका चिठ्ठीवर ते नाव मोठ्या अक्षरात लिहून दिलं आणि पाकिटात ठेवायला सांगितलं. मेंदी आणि निळीचे पुडे दाखवले होते, त्यांची चाचणीही करून दिली, ती निर्मळ आली.

गेल्या रविवारी लावलं. काष्ठौषधीच्या दुकानातून मेंदी पाव किलो ११० रुपयांना आणि नीळ १०० ग्रॅम ९० ला मिळाली. दोन्ही ५०-५० ग्रॅम लागल्या, म्हणजे एका वेळचे ६७ रुपये. मुलगी सुट्टीला आली होती, तिला पापुद्रे काढायला बसवलं. मेंदी धुतल्यावर कानशिलं खरंच केशरी झाली, ती घाबरली, मी तिला वहिनींचं वाक्य वाचून दाखवलं. नीळ धुतली तेव्हा पाणी गडद हिरवं गेलं, फरशीवर लगेच पोतेरं फिरवलं. सोमवारी ऑफिसात दिव्याखाली जरा शेवाळी दिसत होतं, मंगळवारी दुपारपासून गडद तपकिरी. कानामागे काही नाही. मी रात्री दोनदा उठून बोट फिरवून बघितलं.

डाव्या कानशिलावर एक बट राहिली आहे, तिथे पापुद्रा जाड घेतला गेला. पुढच्या वेळी आधी तिथेच बसणार.

एक विचारायचंय. कालवलेली मेंदी वाटीभर उरली आहे. फ्रीझरमध्ये ठेवली तर चालेल का, की टाकून देऊ?

मागांच्या गावची (इचलकरंजी)

टाकू नका, मेंदी फ्रीझरमध्ये चांगली राहते, आदल्या रात्री बाहेर काढा. नीळ मात्र दर वेळी ताजीच कालवा. आणि त्या बटेसाठी पाच आठवडे थांबू नका, तेवढीच पुन्हा करा, चमचाभर पुरते.