मेंदूच्या आकाराची जेली आणि ताजा अननस
हॅलोविनसाठी मेंदूच्या साच्यात केलेली तुमची जेली घट्ट न होता बसली, ती जिलेटिन (जेली घट्ट करणारं प्राणिज प्रोटीन) कमी पडल्याने असं वर कुणी म्हटलंय, पण मला नाही वाटत तसं, कारण तुम्ही त्यात ताजा अननस घातलाय ना, मग दुप्पट जिलेटिन घातलं असतं तरी पाणीच झालं असतं. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं ते जिलेटिनचं प्रोटीनच तोडतं, किवी आणि कच्च्या पपईचंही तेच. डब्यातला अननस चालतो, तो तापवलेला असतो, त्याने ब्रोमेलेन निकामी होतं. मी पहिल्या हॅलोविनला हेच केलेलं, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी बघते तर साच्यात गुलाबी सरबत, लेकीने स्ट्रॉ लावून प्यायलं 😄

आता मी पाणी कमी करून इव्हॅपोरेटेड मिल्क (डब्यातलं आटवलेलं बिनसाखरेचं दूध) घालते, त्याने जेली आरपार दिसत नाही, आणि गुलाबी रंगात हिरव्याचा एकच थेंब, की अगदी मेलेल्या माणसाचा करडट मेंदू. काढताना साचा कोमट पाण्यात दहाएक सेकंद, जास्त नको नाहीतर वळ्या पुसट होतात, आणि प्लेट आधी ओली करा म्हणजे मेंदू तिरका पडला तरी हळूच मध्ये सरकवता येतो. शाकाहारी पाहुण्यांसाठी चायनाग्रासचा केला होता, दिसतो छान पण थुलथुलत नाही, सुरी लावली की वडीसारखा कापला जातो.