मडक्यातलं पीठ आणि सिलेंडरचे पाचशे: बायबलच्या गोष्टीतून रोजचा धडा काढावा की नाही?

सदरची_घंटा (धागाकर्ता)

जय ख्रिस्त. थोडं चिडून लिहितोय, सांभाळून घ्या.

गेल्या गुरुवारी आमच्या भागात एका घरी कॉटेज मीटिंग (घरगुती प्रार्थनासभा) होती. वक्ते बाहेरगावचे. विषय बायबलमधलं १ राजे १७ (राजांचं पहिलं पुस्तक, अध्याय १७), सारफथची विधवा. गोष्ट बहुतेकांना पाठ आहे, तरी थोडक्यात सांगतो. दुष्काळ पडलाय, मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडंसं तेल. बाई काटक्या वेचतेय. शेवटची भाकर करून पोराबरोबर खायची आणि मग मरायचं, एवढंच तिच्यापुढे उरलंय. एलीया संदेष्टा येतो आणि म्हणतो, आधी मला एक लहानशी भाकर आण, मग तुमच्यासाठी कर. ती करते. पुढे पीठ सरत नाही, तेल आटत नाही. वक्त्यांनी इथून थेट आपल्या महिनाअखेरीवर उडी मारली. आधी देवाला द्या, मग घरी जाऊन मडक्यात हात घालून बघा! लगेच दानाची पाकिटं फिरली.

शेजारी आमच्याच मंडळीतल्या (चर्चमधल्या) एक ताई बसल्या होत्या. नवऱ्याचं हिंगण्याकडचं काम सुटून चार महिने झालेत. त्यांनी मोबाईलच्या कव्हरमागून पाचशेची नोट काढली. चार घड्या घातलेली, कडा पार मऊ पडलेल्या. ती सिलेंडरची होती, कारण येताना ऑटोत आमचं तेच बोलणं झालं होतं. नोट पाकिटात गेली. परतताना जिन्यात त्यांनी मला विचारलं, "किती दिवस लागतात हो साधारण?"

मी नऊ वर्षं रविवार शाळा घेतोय. दावीदानं पाडलेला धिप्पाड गल्याथ म्हणजे तुमची परीक्षा, लाल समुद्र म्हणजे गृहकर्ज, योना म्हणजे आईचं न ऐकणारा मुलगा, हे सगळं मीही केलंय. आता वाटतं, गोष्ट अर्ध्यावर तोडून तिची गोळी करून देणं बंद करावं. त्याच अध्यायात पीठ पुरतंय तोवर त्या बाईचा मुलगा आजारी पडून मरतो. ती एलीयावर कडाडते, माझ्या पापाची आठवण करून द्यायला आणि पोराला मारायला आलास का, म्हणून. मुलगा पुन्हा जिवंत होतो, पण मधली ती वेळ गुरुवारी कुणी उच्चारलीच नाही.

आणि लूक ४ बघा. येशू नासरेथच्या सभास्थानात हीच गोष्ट काढतो आणि काय म्हणतो? साडेतीन वर्षं आकाश बंद होतं तेव्हा इस्राएलात पुष्कळ विधवा होत्या, पण एलीयाला त्यांच्यातल्या एकीकडेही पाठवलं नाही. पाठवलं ते सीदोनातल्या परक्या बाईकडे. म्हणजे मडकं प्रत्येक घरी भरत नाही, हे खुद्द त्यानंच सांगून ठेवलंय. ऐकणारे इतके खवळले की त्याला कड्यावरून ढकलायला निघाले. बोला आता.

आयटीआय_फिटर

बोलतो. वक्ता चुकला, मान्य. पण त्याच्यासाठी तुम्ही सगळं दुकानच बंद करायला निघालात.

माझी आई चौथी पास. तिच्याकडे ना संदर्भग्रंथ होते ना ग्रीक-इब्री. रविवार शाळेत फ्लॅनेलच्या बोर्डावर कागदाची चित्रं चिकटवून बाई जे सांगायच्या, तेच तिचं धर्मशास्त्र. त्यावर तिनं चार पोरं वाढवली. मी कारखान्यात स्टोअरला होतो तेव्हा पितळेच्या भंगाराचं वजन कमी दाखवायचं आणि फरक वाटून घ्यायचा, अशी रीत होती. मला कुणी धमकावलं नाही, फक्त चहा पाजला. त्या रात्री डोक्यात दुसरं काही नाही, मालकीण गळ्यात पडली तेव्हा पोटीफराच्या घरातून अंगरखा टाकून पळणारा योसेफ. बोर्डावरचा तो, निळा अंगरखा, एक कोपरा फाटलेला. दुसऱ्या दिवशी नाही म्हणालो. हा रोजचा धडा नाही तर काय? तुमच्या हिशेबानं मी आधी अध्यायाची पार्श्वभूमी तपासायला हवी होती वाटतं.

सदरची_घंटा

नाही हो. तुमचा धडा गोष्टीतूनच आलाय. एवढं मोठं दुष्कर्म करून देवाविरुद्ध पाप कसं करू, हे योसेफ स्वतः म्हणतो. आणि गोष्ट तुम्हाला बक्षिसाचं आमिषही दाखवत नाही, कारण नाही म्हटल्यावर तो पोचतो तुरुंगात. तुम्हाला काय मिळालं?

आयटीआय_फिटर

बदली. रात्रपाळीला. 😀

काटोलची_बाग

राजेहो, थोडं बागाईतदाराचं बी ऐका. योसेफाचा विषय निघालाच हाये तं सांगतो. आमच्याइकडे एका सभेत सांगितलं, योसेफाले खड्ड्यात टाकलं, तुरुंगात टाकलं, तो देवानं देल्ला ताण होता. संत्र्याले ताण देल्ल्याशिवाय, म्हंजे काही दिवस पानी तोडल्याशिवाय, बहार येत नाई, तसं मानसाचं. सारे टाळ्या वाजवत होते. मी नाई वाजवली.

ज्यानं ताण देल्ला त्यालेच मालूम. मृग बहाराले एप्रिल-मेमंधी पानी तोडतो आपन, पन किती दिवस ते जमीन पाहून. भारी काळ्या जमिनीले जास्त दिवस लागते, हलक्या मुरमाड जमिनीले कमी. हलक्या जमिनीत भारीवाला ताण देल्ला तं बहार नाई येत, झाड वाळते. पाने सुकू लागले की मालक धुऱ्यावर चकरा मारते रोज. तुमी सभेत बसलेल्या शंभर लोकाईले एकच ताण सांगून मोकळे. कोनाची जमीन कशी हाये, पाह्यलं काय?

आन दुसरं. योसेफाचे सात वर्साचे कोठार, बचत, नियोजन, हे खूप शिकवते. उत्पत्ती ४७ काहून शिकवत नाई? दुष्काळात लोकाईचा पैसा सरला, मंग योसेफानं धान्याच्या बदल्यात त्याईचे जनावरं घेतले, मंग जमिनी घेतल्या, मंग मानसंच फारोचे, म्हंजे मिसरच्या राजाचे, गुलाम झाले. आमच्या गावात हा अध्याय वाचला तं लोकं इकडतिकडं पाहतीन, सावकार बसला हाये काय म्हनून.

संत्रा_बर्फी

एवढं सगळं मुलांना सांगणार का? सात वर्षांच्या पोराला फारोच्या जमीनधारणेवर व्याख्यान? मग नोहाच्या जहाजात हत्ती-जिराफ होते एवढंच शिकवायचं आणि घरी सोडायचं.

मार्था_स्वयंपाकघरातून

मुलांचं राहू द्या, आम्हा बायांचं काय ते बघा.

लूक १० मधली मार्था आणि मरीया. येशू घरी आलेला, मरीया पायाशी बसून ऐकतेय, मार्था कामानं गांजलेली. ती तक्रार करते आणि येशू म्हणतो, मरीयेनं चांगला वाटा निवडलाय. हा उपदेश मी आयुष्यात किमान दहा वेळा ऐकलाय, त्यातला बहुतेक वेळा मंडळीच्या जेवणाच्या दिवशी, मागच्या शेडमध्ये पंचवीस किलो तांदळाच्या पातेल्यापाशी उभी राहून, लाउडस्पीकरवरून. "बहिणींनो, मार्था होऊ नका." बरं, नाही होत. दीड वाजता पंगतीत बसाल तेव्हा पानात काय वाढायचं, उत्पत्ती का निर्गम?

चिडणं सोडून एक दिवस पुढचं वाचलं. योहान ११, भाऊ लाजर मेलाय. मरीया घरात बसून राहते आणि मार्था रस्त्यावर जाऊन येशूला गाठते. तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस, हे तिथं तिच्या तोंडून निघतं. त्याच तोलाची कबुली येशूचा शिष्य पेत्र यानं दिली, त्याच्या नावावर केवढी चर्च उभी आहेत. मार्थाच्या नावावर चमचा. आणि योहान १२ मध्ये ती परत वाढतेच आहे, या वेळी कुणी तिला काही म्हणत नाही. मी धड्यांच्या विरोधात नाही. धडा नेहमी तव्यापाशी उभ्या असणारीलाच का, एवढं विचारतेय.

निवृत्त_पाळक

चाळीस वर्षं उपदेश केले, त्यातले बरेच विसरण्यालायक होते, म्हणून नम्रपणे लिहितो.

घंटाभाऊ, तुमचा राग रास्त आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा. धडा काढायचाच नाही, ही शिकलेल्यांची चैन आहे. २ शमुवेल १२ बघा. दावीद राजानं आपल्या सैनिकाची, उरीयाची, बायको घेतली, त्याला मारवलं. नाथान संदेष्टा येऊन गोष्ट सांगतो: श्रीमंताकडे कळप, गरिबाकडे एकच कोकरू, त्याच्याच ताटात खाणारं, पाहुणा आल्यावर श्रीमंतानं गरिबाचं कोकरू कापलं. दावीद संतापतो. नाथान म्हणतो, तो माणूस तूच. याच्याहून सरळ रोजचा धडा कुठला? गोष्ट लावणं हे पाप नव्हे. आपण ती लावतो कुणाला, ते पाहावं. आपल्या उपदेशात ऐकणारा नेहमी दावीद असतो, गल्याथ कधीच नाही.

स्वतःचा अनुभव सांगतो. मत्तय २० वर बोलायचं होतं, द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट. पहाटेपासून राबलेल्यालाही एक दिनार, दिवस मावळायच्या तासभर आधी आलेल्यालाही तोच. मी त्या आठवड्यात रोज सकाळी मजुरांच्या ठिय्यावर जाऊन उभा राहिलो. आठला ठेकेदारांच्या गाड्या येतात, तरणे आधी उचलले जातात. साडेदहाला कोण उरतं? पांढऱ्या मिशीचा, अंगठ्याला चिंधी बांधलेला, आणि लेकरू कडेवर असलेली बाई. डबे तसेच बंद. एकानं माझ्यासमोर झाकण उघडून भाजीचा वास घेतला आणि पुन्हा लावलं. काम नाही लागलं तर तोच डबा घरी जाऊन सगळ्यांत वाटायचा असतो म्हणाला. गोष्टीतल्या उरलेल्यांचं उत्तर तेच आहे: आम्हाला कुणी कामावर लावलं नाही.

रविवारी हे सांगितलं. मंडळीत एक बांधकाम ठेकेदार होते, सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटतं गोष्ट बरोबर ठिकाणी लागली होती.

आयटीआय_फिटर

पाळकसाहेब, मग पाण्यावर चालणाऱ्या पेत्राचं काय सांगायचं? विश्वास ठेवला की तरतो, असंच शिकलोय.

निवृत्त_पाळक

पेत्र बुडायला लागला आणि हात मिळाला, एवढंच मत्तय १४ सांगतं. ज्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून आपल्या नागपुरात आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटकडून परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडून गेले. शाळा काढलेला, दगड-जीवाश्म गोळा करणारा, विश्वासातला माणूस. पेत्राची गोष्ट विम्यासारखी सांगितली तर हिस्लॉप साहेबांचा विश्वास कमी पडला म्हणावं लागेल. तसं म्हणायची माझी छाती नाही.

मोहरीचा_दाणा

मी बौद्ध, पण या धाग्यात बसावंसं वाटलं. आमच्याकडे किसा गौतमीची गोष्ट सांगतात. मेलेलं बाळ घेऊन ती बुद्धाकडे औषध मागायला येते. बुद्ध सांगतात, ज्या घरात कुणी मेलं नाही तिथून मोहरी आण. ती घरोघर हिंडते, मोहरी सगळीकडे असते, तसं घर कुठेच नसतं. लहानपणी मला राग यायचा की बाळ उठत कसं नाही. तुमच्या सारफथच्या गोष्टीत पोरगा उठतो. म्हणून विचारतो, ज्यांचं लेकरू उठलं नाही ते तुमच्या प्रार्थनासभेत ही गोष्ट ऐकताना काय करतात?

मार्था_स्वयंपाकघरातून

पातेल्याकडे जातात. खरंच सांगतेय. मी गेलेय.

मोहरीचा_दाणा

माफ करा ताई.

आयटीआय_फिटर

घंटाभाऊ, एक राहिलं. जिन्यात त्या ताईंनी विचारलं किती दिवस लागतात. तुम्ही काय उत्तर दिलंत?

सदरची_घंटा

प्रार्थना करतो म्हणालो.

आयटीआय_फिटर

म्हणजे वक्त्यानं निदान काहीतरी ठोस सांगितलं. तुम्ही लूक ४ घेऊन घरी आलात आणि इथे टाइप करत बसलात.

काटोलची_बाग

घ्या. लागली का नाई गोष्ट?

निवृत्त_पाळक

भांडू नका. त्या अध्यायात एक बारीक ओळ आहे. मुलगा मेल्यावर एलीया त्याला उचलून माडीवर नेतो, "जिथे तो राहत असे". भाकर मागून तो पुढच्या गावच्या सभेला निघून गेला नव्हता. त्याच घरात राहत होता, त्याच मडक्यातलं खात होता. पीठ संपलं असतं तर तोही उपाशी राहिला असता. वक्त्यानं हे वाचलं असतं तर गुरुवारी रात्री त्या ताईंकडे जेवायला जावं लागलं असतं.

सदरची_घंटा

तीन दिवसांनी लिहितोय.

शनिवारी गेलो. बायको सोबत होती, दहा किलो आटा आणि तेलाचं पाकीट घेतलं. हात हलवत जायची लाज वाटली, खरं कारण ते. चहा झाला. मी अध्याय काढून दिला. ताईंनी स्वतः वाचला, बोट ठेवून, ओठ हलवत. सतराव्या वचनापाशी थांबल्या. "पोरगं गेलं होतं हे नाही सांगितलं त्यांनी," एवढंच म्हणाल्या. मग डब्यात आटा ओतला, पिशवी बाल्कनीत नेऊन झटकली, घडी घालून माझ्या बायकोच्या हातात परत दिली.

आयटीआय_फिटर

आणि सिलेंडर?

सदरची_घंटा

मंडळीच्या मदत फंडाला अर्ज केलाय. कमिटीची बैठक पुढच्या महिन्यात आहे.

मार्था_स्वयंपाकघरातून

पुढच्या महिन्यात! माझ्याकडे एक भरलेला आहे. पत्ता मेसेजमध्ये टाका, संध्याकाळी मुलाला स्कूटरवर पाठवते. रिकामा तयार ठेवायला सांगा.