चर्चच्या उन्हाळी शाळेत ३ ते ६ वयाचा गट मिळालाय, तयारी कशी करू?

ऐरोलीची_नवशिकी

सर्वांना सलाम. मे महिन्यात आमच्या चर्चची उन्हाळी बायबल शाळा आहे. सोमवार ते शुक्रवार, सकाळी ९ ते १२. पाळकसाहेबांनी ३ ते ६ वयाचा गट माझ्याकडे दिलाय. साधारण २५ मुलं, मदतीला कॉलेजच्या दोन मुली आणि एक काकू. चर्चमागचा हॉल मिळेल: चार पंखे, एक संडास, खाली लाद्या. विषय ‘मेंढपाळ आणि मेंढरं’. गाणी येतात, गोष्टही सांगता येते. पण एवढ्या लहान मुलांना तीन तास कसं गुंतवायचं आणि चिकटकामाला किती सामान लागेल, याचा अंदाज येत नाहीये. जाणकारांनी सविस्तर सांगावं.

चरईचा_फळा

ताई, तीन तासांचा विचार आधी सोडून द्या. या वयाची मुलं एका गोष्टीत सात-आठ मिनिटं रमतात, सहा वर्षांची फार तर बारा. म्हणून बसणं आणि हलणं आलटून पालटून ठेवा.

९ ते ९:२० मुलं येतील तशी येत राहतात. त्या वेळी गोष्ट सुरू करू नका, उशिरा आलेल्यांमुळे दर दोन मिनिटांनी तुटते. सतरंजीवर मळलेला मैदा द्या: २ वाट्या मैदा, १ वाटी मीठ, १ चमचा तेल, लागेल तसं पाणी. लिंबाएवढा गोळा एकेकाला, म्हणजे २५ मुलांना किलोभर मैदा पुरतो. मीठ मुद्दाम जास्त असतं, गोळा टिकतो आणि तोंडात घातला तर मूल लगेच थुंकतं. हा खाण्याचा नाही हे तरी सांगाच. घट्ट झाकणाच्या डब्यात तीन दिवस जातो, चौथ्या दिवशी नवा मळा.

मग दोन कृतिगीतं आणि लगेच गोष्ट, आठ मिनिटांत. हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगून झाली की करून दाखवायची असते. कापसाचं एक मेंढरू लपवून ‘शोधा’ म्हटलं तर एकाला सापडतं आणि चोवीस जणांचे चेहरे पडतात. त्यापेक्षा मुलंच मेंढरं, मेंढपाळ तुम्ही. पाच-पाच जणांनी पाळीपाळीनं चादरीखाली लपायचं, बाकीच्यांनी तुमच्याबरोबर मोठ्यानं मोजायचं आणि हाका मारायच्या. प्रत्येकाला ‘सापडायला’ मिळतं. आणि गोष्टीचा गाभाही तोच आहे की मेंढपाळ शोधत येतो.

आता चिकटकाम. कार्डपेपरवर कापसाचं मेंढरू सगळे करतात, पण बिघडतं एकाच ठिकाणी. मूल फेविकॉलमध्ये बोट बुडवतं, त्याच बोटानं कापूस उचलतं, कापूस कागदाऐवजी बोटाला चिकटतो, मूल हात झटकतं आणि रडतं. उपाय असा: कापसाच्या बोराएवढ्या गोळ्या आदल्या रात्री करून ठेवा. एकेकाला १२, म्हणजे ३०० आणि वर ५० जादा. १०० ग्रॅमचं बंडल पुरेसं आहे. मदतनीस ताईनं आइस्क्रीमच्या काडीनं मेंढराच्या अंगावर फेविकॉलचा पातळ थर द्यायचा, मुलानं कोरड्या हातानं फक्त गोळ्या दाबायच्या. शेजारी ओलं फडकं. पाच दिवसांच्या चिकटकामाला अर्धा किलोचा डबा पुरतो. तोंड आणि कान काळ्या घोटीव कागदाचे कापून आणा, ३० जोड. डोळे स्केचपेननं काढा. मणी, टिकल्या, बटणं या गटाला देऊच नका, नाकात जातात.

पंख्याचं म्हणाल तर मे महिन्यात तो बंद करता येत नाही आणि चालू ठेवला तर सगळी मेंढरं उडतात. कार्डाचे दोन कोपरे मास्किंग टेपनं लादीला चिकटवा, मुलं तिथेच मांडी घालून बसतील. नावं कागदाच्या मागे आधीच लिहा. दमट हवेत फेविकॉल वाळायला तासभर लागतो, म्हणून हे काम खाऊच्या आधी. वाळताना एकावर एक ठेवू नका, दोरीला चिमट्यानं लावा.

आणि हात धुणं. एक नळ, २५ मुलं, प्रत्येकी एक मिनिट धरलं तरी पंचवीस मिनिटं. सगळ्यांना एकदम रांगेत उभं केलं की ढकलाढकल ठरलेली. चिकटकाम संपेल तसं पाच-पाच जणांना पाठवत राहा. सामान घ्यायला ठाण्याच्या बाजारात, जांभळी नाक्याला, एकच खेप करा, यादी लिहून.

नेरूळ_बालवाडी

वरचं सगळं पटलं. मला मुलं घेण्या-सोडण्याबद्दल सांगायचंय, कारण खरा धोका तिथे आहे.

चार मोठी माणसं कमी पडतील, पाच हवीत. पाच मुलांमागे एक. आणि सहावं कुणी गेटवर, कारण बाहेर रिक्षा उभ्या असतात.

आकड्यांची कार्डं करा, दोन-दोन प्रती. एक पालकाच्या हातात, तोच आकडा मुलाच्या पाठीवर मास्किंग टेपवर. पुढे लावला तर मूल दहा मिनिटांत काढतं. नाव लिहू नका, नाव वाचून कुणीही अनोळखी माणूस प्रेमानं हाक मारू शकतो. गळ्यात दोरीचं ओळखपत्र तर अजिबात नको, खेळताना दोरी अडकते. सुटताना कार्ड दाखवल्याशिवाय मूल द्यायचं नाही, आजी असली तरी, रोजची ओळख असली तरी. कार्ड विसरलं तर फॉर्मवरच्या नंबरवर आईला फोन करा. मोठ्या भावंडाबरोबर पाठवायचं असेल तर पालकांची सही आधीच घ्या.

डोकी मोजायची: आल्यावर, अंगणात जाताना, परत येताना, निघताना. आकडा वहीत लिहा, मनात ठेवू नका.

संडासला नेताना बाईच हवी, एका वेळी दोन मुलं, बाहेरचं दार उघडं आणि दुसरी मदतनीस नजरेच्या टप्प्यात. कुणीही मोठं माणूस बंद खोलीत एका मुलाबरोबर एकटं राहणार नाही, हा नियम पाळकसाहेबांसकट सगळ्यांना. यात कुणावर संशय नाही, मुलाचं आणि कार्यकर्त्याचं दोघांचं रक्षण आहे. मुलानं कधी काही वावगं सांगितलंच, तर उलटतपासणी करू नका. त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला किंवा पोलिसांना कळवा. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, त्याखाली माहिती दडवणं हाच गुन्हा ठरतो. ‘मंडळीतच मिटवू’ असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

शेजारपाजारची इतर धर्मांची मुलंही येतात. फॉर्मवर स्पष्ट लिहा की बायबलच्या गोष्टी आणि गाणी शिकवली जातील. पालकांना ते आधी कळलं पाहिजे.

कळवा_खाऊवाली

फक्त खाऊबद्दल. शेंगदाणे, फुटाणे, चिक्की, पॉपकॉर्न, गोल गोळ्या नको. पाचाच्या आतल्या मुलांना नीट चावता येत नाही आणि श्वासनलिका अरुंद असते. द्राक्षं दिलीत तर उभी चार तुकडे करून. दुधाचं काही नको, उकाड्यात नासतं. अर्धं केळं, मऊ पोहे, उकडलेला बटाटा उत्तम. कशाची ॲलर्जी आहे का, हे फॉर्मवर विचारा.

लिंबू सरबत दोनदा, १०० मिली प्रत्येकी, म्हणजे दिवसाला ५ लिटर. मूल मागेल तेव्हा नाही, घड्याळ बघून द्या. खेळात त्यांना तहान कळत नाही.

घास अडकला आणि मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेनं ५ थापा, मग बेंबीच्या वर आत-वर ५ दाब, आलटून पालटून. एकानं लगेच रुग्णवाहिकेला १०८ लावायचा. तोंडात आंधळेपणानं बोट घालू नका, घास आणखी खाली जातो.

ऐरोलीची_नवशिकी

खूप आभारी आहे. कार्डं आजच करायला घेते. दोन प्रश्न राहिले. पहिल्या दिवशी रडणाऱ्यांचं काय? आणि बरीचशी मुलं इंग्रजी माध्यमाची आहेत, बायबलचं वचन पाठ कसं करून घ्यायचं?

चरईचा_फळा

आईला लपून जाऊ देऊ नका. मूल वळून बघतं, आई दिसत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते गेटमध्येच पाय रोवतं. ‘खाऊ खाल्ला, गाणं म्हटलं की मी येते’ एवढं सांगून आईनं निघावं. ‘बारा वाजता’ याला तीन वर्षांच्या मुलाच्या लेखी अर्थ नाही. मग मुलाच्या हातात काम द्या, कापसाच्या गोळ्यांची टोपली धरायला सांगा. पंधरा-वीस मिनिटांत बहुतेक शांत होतात. नाहीच झालं तर फोन करून बोलवा, पहिल्या दिवशी तासभर बसलं तरी पुष्कळ.

वचन आठवडाभर एकच ठेवा. स्तोत्र २३ ची पहिली ओळ (‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’) घेतलीत तर ‘उणे’ हा शब्द मुलांना कळत नाही, उणे म्हणजे ‘कमी’, ते रिकामी वाटी दाखवून सांगा. फळ्यावर लिहू नका, त्यांना वाचता येत नाही. प्रत्येक शब्दाला एक हावभाव: ‘परमेश्वर’ला बोट वर, ‘माझा’ला छातीवर हात, ‘मेंढपाळ’ला काठी धरल्यासारखी मूठ. सोमवारी तेवढे तीनच शब्द घ्या, पुढचे मंगळवारपासून.