बाबांची जुनी यशिका लेन्स फुलफ्रेम मिररलेसवर, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांना चालेल का?

मल्हारगंज_पन्नास

नमस्कार मंडळी. मी इंदूरचा, फोटो हौसेने काढतो, नोकरी वेगळीच आहे. दोन महिन्यांपूर्वी सेकंडहँड सोनी ए७ मार्क ३ घेतला, म्हणजे फुलफ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर) मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा, पैसे तेवढेच होते म्हणून नुसती बॉडी घेतली, म्हटलं लेन्स हळूहळू बघू. मग गोदरेजचं कपाट आवरताना बाबांचा यशिका एफएक्स-३ निघाला, चामड्याच्या केसमध्ये, आणि त्यावर यशिका एमएल ५० एमएम एफ/१.९. आत्याचं लग्न, माझी मुंज, १९८४ मध्ये राजवाडा जळाला त्यानंतरचे त्याचे फोटो, सगळं बाबांनी ह्याच लेन्सवर काढलंय. ऑनलाइन स्वस्तातला अ‍ॅडॉप्टर मागवला, नुसती नळी आहे, आत काच वगैरे काही नाही.

आधी शटरच पडेना, मग मेनूत लेन्सशिवाय रिलीज चालू केल्यावर पडायला लागलं. परवा रात्री सराफ्यात, आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात जाऊन शंभरेक फोटो काढले, जिलेबीवाला, साबुदाणा खिचडीवाला, आणि घरी येऊन मोठे करून बघतो तर ऐंशी तरी सॉफ्ट. काढताना फोकस पीकिंगच्या लाल रेघा चेहऱ्यावर बरोबर दिसत होत्या. दुसरं म्हणजे रिंग अनंताच्या (∞, सगळ्यात लांबच्या फोकसच्या) खुणेवर नेली की राजवाडा धूसर होतो, थोडी मागे आणली की स्वच्छ दिसतो, म्हणजे लेन्स बिघडलीय का? काही फोटोंत आडवे काळपट पट्टे आलेत, आणि दिव्यांभोवती दुधासारखं काहीतरी पसरलेलं दिसतं.

मला अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे कापड गिरण्यांचे कामगार मिरवणुकीत काढतात ते दिव्यांनी सजवलेले देखावे, ह्याच लेन्सने काढायच्यात. बाबा हल्ली गर्दीत येऊ शकत नाहीत, त्यांना त्यांच्याच लेन्सने काढलेले फोटो दाखवायचेत. होईल का? कुठे चुकतंय ते सांगा.

---

स्नेहलतागंज_ट्रायपॉड

लेन्स बिघडलेली नाही, निश्चिंत राहा. अनंताचं असं आहे की प्रत्येक माउंटचं (बॉडीवर लेन्स बसते त्या जोडाचं) फिल्मपासून लेन्सच्या बैठकीपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं, यशिकाचं ४५.५ मिमी, सोनी ई माउंटचं १८, म्हणजे तुमची नळी बरोबर २७.५ मिमी हवी. ती केसभर जरी लांब झाली तरी अनंत मिळणारच नाही, म्हणून बनवणारे मुद्दाम किंचित आखूड ठेवतात आणि मग फोकस खुणेच्या थोडा आधी लागतो. पन्नासला त्याने काही बिघडत नाही, फक्त रिंग शेवटपर्यंत फिरवून सोडून द्यायची सवय मोडा. आणि खुणांवरचे मीटर आता तंतोतंत राहिले नाहीत हेही लक्षात ठेवा.

आता पीकिंग. पीकिंग फोकस मोजत नाही, जिथे कडा ठळक तिथे रंग भरतं एवढंच. सराफ्यात दिव्याची कड, स्टीलच्या परातीची कड, चष्म्याची फ्रेम, सगळ्यावर लाल चढतो आणि आपल्याला वाटतं चेहरा लागला. पीकिंगची पातळी लो ठेवा, आणि एखादं कस्टम बटण मॅग्निफायला देऊन डोळ्यावर मोठं करून बघा. थोडा वेळ जातो पण खात्री तिथेच होते. मी अजून एक करतो, रॉ (प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) ठेवून पिक्चर प्रोफाइलऐवजी क्रिएटिव्ह स्टाइल ब्लॅक अँड व्हाइट करतो, व्ह्यूफाइंडर करडा झाला की लाल रेघ उठून दिसते आणि रॉमध्ये रंग तसाच राहतो.

एफ/१.९ ला, म्हणजे अपर्चर पूर्ण उघडं असताना, एक मीटरवर जेमतेम साडेचार सेंटीमीटर खोली फोकसमध्ये असते, नाक लागलं तर कान गेला. तीन मीटरवर चाळीस सेंटीमीटर होतात. ह्यात तुम्हीही हलताय आणि जिलेबीवालाही हलतोय, तर शंभरातले वीस लागले हे पहिल्या रात्रीला वाईट नाही.

स्टेडीशॉट (हाताचा कंप सेन्सर हलवून भरून काढणारी सोय) ऑटोवर असेल तर मॅन्युअल करून तिथे ५० भरा. लेन्समध्ये चिप नाही, कॅमेऱ्याला फोकल लेंग्थ कळत नाही, चुकीचा आकडा असेल तर तो नको तेवढा सेन्सर हलवतो आणि फोटो उलट जास्त हलतो. ह्याच एका सेटिंगने माझे दोन महिने खाल्ले होते म्हणून जोर देऊन सांगतोय.

---

शटरवाला_एलआयजी

पट्टे सायलेंट शटरचे आहेत. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झ, त्यामुळे साधे एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात, इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, तेवढ्यात दिवा बऱ्याच वेळा लुकलुकून घेतो. सायलेंट बंद, मेकॅनिकल चालू, आणि स्पीड १/१०० किंवा १/५०.

त्याच मेनूत ई-फ्रंट कर्टन शटर (शटरचा पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक) आहे तेही बंद ठेवा. दुसऱ्या कंपनीची लेन्स लावली तर ते बंद करा असं सोनीच्या मदतपुस्तिकेतच लिहिलंय, नाहीतर फास्ट स्पीडला उजेड असमान पडतो आणि मागचे दिव्यांचे गोळे कापल्यासारखे दिसतात. रात्री १/१०० ला फरक कळणार नाही, दुपारी आपल्या लालबाग पॅलेसला गेलात की कळेल.

---

विजयनगर_क्लिक्स

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. झांक्या रात्रभर चालतात, खांद्याला खांदा लागलेला असतो, तिथे कोण मॅग्निफाय करत बसणार? एक साधी ऑटोफोकसची ५० एफ/१.८ घ्या, ए७ मार्क ३ चा आय ऑटोफोकस (माणसाचा डोळा शोधून फोकस लावणारा) सुंदर आहे, त्यासाठीच तर लोक तो घेतात. जुनी लेन्स घरी मुलांचे, फुलांचे फोटो काढायला ठेवा. एकदाच मिळणारी रात्र आहे.

---

रामबागेतले_काका

विजयनगर, तुमचं म्हणणं पैसे घेऊन काम करणाऱ्याला शंभर टक्के लागू आहे, मी स्वतः लग्नाला मॅन्युअल लेन्स नेणार नाही. पण ह्या मुलाला रात्रभराचे हजार फोटो नकोयत, बाबांना दाखवायला दहा हवेत, आणि ते ह्या लेन्सने निघतात. मी झांक्या काढतोय त्याला चाळीसेक वर्षं झाली, त्यातली निम्मी फिल्मवर, ऑटोफोकस नव्हताच.

मल्हारगंज, बेटा, झांकीच्या मागे धावायचं नाही, झांकीला आपल्याकडे येऊ द्यायचं. संध्याकाळी उजेड असताना जेलरोडला किंवा राजवाड्याकडे जाऊन जागा धर, ओळखीच्या कुणाच्या ओट्यावर नाहीतर पहिल्या मजल्यावर मिळाली तर सोनंच. मग रस्त्यावरची एक वस्तू हेर, विजेचा खांब, दुकानाची पायरी, चार-पाच मीटरवरची. त्यावर मॅग्निफाय करून फोकस लाव आणि रिंगेवर कागदी टेपचा तुकडा चिकटव. झांकी खांबाच्या रेषेत आली की दाब. रिंगेला हातच लावायचा नाही.

अपर्चर किती, तर झांकीला स्वतःचाच उजेड भरपूर असतो. पूर्वी बल्बच्या माळा असायच्या, पिवळा मऊ उजेड, आता एलईडी आहेत, लाल-निळे इतके भडक की त्या रंगाचा चॅनेल फुटून (सेन्सरच्या मर्यादेपलीकडे जाऊन) मूर्तीच्या चेहऱ्याचा नुसता लाल डाग होतो. म्हणून पाऊण-एक स्टॉप अंडर, म्हणजे मुद्दाम जरा काळपट काढ, सावल्या रॉमधून उचलता येतात, फुटलेला लाल परत येत नाही. एफ/४ ठेव, १/१००, आयएसओ ऑटो, कमाल ६४०० पर्यंत. तुझा सेन्सर ते सहज सोसतो, आम्ही ४०० ची फिल्म ओढून १६०० ला नेत होतो.

पुढे आखाडे असतात त्यांची गोष्ट निराळी, दांडपट्टा आणि लाठी फिरवणारी पोरं एका जागी थांबत नाहीत. तिथे एफ/५.६ कर आणि पाच मीटरवर टेप, म्हणजे साधारण पावणेचार ते साडेसात मीटर कामापुरतं लागतं. पूर्ण मोठं करून बघशील तर टोकं जरा मऊ दिसतील, प्रिंटला कळत नाही. १/१०० ला लाठी पुसट येईल, येऊ दे, लाठी फिरतेय हे त्यानेच कळतं, चेहरा स्थिर असला म्हणजे झालं.

हुकमचंद मिल बंद पडून तीस वर्षांच्या वर झाली, तरी कामगार झांकी काढतात, ह्याचं मला दरवर्षी भरून येतं. नुसत्या सजावटीचे फोटो नकोस काढू, झांकीच्या मागे चालणारे ते म्हातारे कामगार असतात त्यांचे काढ. ते हळू चालतात, थांबतात, बोललं तर बोलतात. तिथे एफ/१.९ उघड.

आणि आपल्या गावाला हे नवीन नाही रे. लाला दीनदयाळ इथेच, इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीला होते, दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना फोटोग्राफीसाठी पाठबळ दिलं. काचेच्या प्लेटा आणि काळ्या कापडाखाली डोकं घालून काम चालायचं तेव्हा.

---

लोकमान्यनगरची_ताई

दिव्यांभोवतीच्या दुधाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. चामड्याच्या केसमध्ये इतकी वर्षं म्हणजे मला बुरशीची शंका येते. दोन्ही कॅप काढा, अपर्चर पूर्ण उघडा, खोलीत अंधार करून मागून मोबाइलची टॉर्च तिरपी धरा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी. सगळीकडे सारखा धुक्याचा थर असेल तर तो हेझ, बहुतेक आतल्या ग्रीसची वाफ काचेवर बसलेली असते. बारीक धुळीचे कण दिसले तर सोडून द्या, फोटोत काही फरक पडत नाही.

कडेला थोडेसे तंतू असतील तर चालतं, पण ती लेन्स दुसऱ्या लेन्सबरोबर एका डब्यात ठेवू नका. मधोमध असेल किंवा हेझ असेल तर जुने कॅमेरे उघडणाऱ्या कारागिराकडे द्या. घरी स्क्रू काढू नका, मी माझ्या आजोबांच्या लेन्सचं तसं करून बसलेय, एक काच उलटी बसली आणि आता ती कशालाच फोकस करत नाही. फार दिवस बसलेली बुरशी कोटिंग खाते, मग पुसूनही डाग राहतो, त्यामुळे उशीर नको.

ती चामड्याची केस प्लीज वेगळी ठेवा, आठवण म्हणून ठेवा पण लेन्स त्यात नको, चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटं आर्द्रता मीटर, ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवायचं. आपलं इंदूर एरवी कोरडं, पण श्रावण-भाद्रपदात आठवडा आठवडा ऊन नसतं. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये वाळवून परत निळे होतात, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नको, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतो.

अजून एक, नळीच्या आतून टॉर्च मारून बघा. स्वस्त अ‍ॅडॉप्टर आतून चकचकीत असतात, बाजूचा दिवा तिथे आपटून सेन्सरवर येतो. काळा मखमली कागद आतून चिकटवला की अर्धं दूध तिथेच जातं. आणि हूड लावा.

---

बडोद्याहून_एफडी

मध्येच विचारतो, सॉरी. माझ्याकडे कॅनन एफडी ५० एफ/१.४ आहे, अ‍ॅडॉप्टर लावला पण अपर्चरची रिंग फिरवून काही होतच नाही, कायम उघडंच राहतं. आमच्याकडे नवरात्र तोंडावर आलंय, गरब्याला न्यायची होती.

---

स्नेहलतागंज_ट्रायपॉड

अ‍ॅडॉप्टरवर एक वेगळी रिंग असेल, ओपन आणि लॉक लिहिलेली. लॉककडे फिरवा, मग लेन्सची रिंग काम करायला लागेल. चांगली लेन्स आहे, जपा. १९८७ ला कॅननने ईओएस आणला आणि एफडी माउंट सोडून दिला, नवीन माउंटचं अंतर ४४ आणि एफडीचं ४२, त्यामुळे मध्ये काच घातल्याशिवाय ह्या लेन्स त्यांच्याच नव्या बॉडीवर अनंताला लागत नव्हत्या. पंचवीसेक वर्षं कपाटात पडून होत्या बिचाऱ्या. २०१३ ला पहिला ए७ आला तेव्हा कुठे परत फुलफ्रेमवर पूर्ण दिसायला लागल्या. गरब्यालाही काकांची टेपची युक्ती चालेल, गोल फिरताना तीच माणसं परत त्याच जागी येतात.

---

मल्हारगंज_पन्नास

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, टॉर्चने बघितलं, कडेला एका बाजूला नखाएवढी जाळी आहे, मधला भाग स्वच्छ आहे. नळी मात्र आतून आरशासारखी होती, काळा कागद चिकटवला आणि त्याच जागेवरून तोच दिवा परत काढला, दूध बरंच कमी झालं. झांक्यांनंतर लेन्स कारागिराकडे देतोय. विजयनगर दादा, तुमचं पटलं, ऑटोफोकसची पन्नास पुढच्या वर्षी घेणारच आहे, ह्या वेळी हीच नेतो.

---

मल्हारगंज_पन्नास

झांक्या झाल्या, सकाळी सहाला घरी आलो, झोपून उठून लिहितोय. जेलरोडला मित्राच्या दुकानाचा ओटा मिळाला. समोरच्या खांबावर फोकस लावून टेप चिकटवला, एफ/४, १/१००. एकूण दोनशे दहा काढले, एकशेतीस नीट लागलेत. काळपट आडवा पट्टा एकातही नाही. लाल रंग तरीही दोन झांक्यांचा फुटला, काका, पुढच्या वेळी दीड स्टॉप अंडर करीन. पहाटे तीनच्या सुमारास गर्दीत टेप कधी निघाला कळलंच नाही, तेवढे वीसेक गेले.

झांकीमागे चालणाऱ्या एका आजोबांना थांबवून विचारलं, काढू का, ते टोपी सरळ करून उभे राहिले. एफ/१.९ उघडलं, मॅग्निफाय केलं, त्यांनी तेवढा वेळ दिला. डोळे बरोबर लागलेत.

बाबांना टीव्हीवर लावून दाखवले. बाकीचे फोटो भराभर पुढे जाऊ दिले, ह्या आजोबांच्या फोटोला थांब म्हणाले, आणि अपर्चर किती होतं विचारलं. फाइलमध्ये तर अपर्चर येतच नाही, पण मला आठवत होतं. मग कॅमेरा आण म्हणाले. रिंग हातात घेऊन डोळ्याला लावली, खिडकीतून समोरच्या गच्चीवर फोकस केला, आणि विचारतात, यशिकाच्या व्ह्यूफाइंडरमधला तो मधला गोल कुठे गेला, दोन अर्धुकं जुळली की फोकस लागायचा तो. मी मॅग्निफायचं बटण दाखवलं.

काका, त्यांना उद्या रामबागेत आणलं तर चालेल का? तुमचे फिल्मवरचे झांक्यांचे फोटो बघायचेत म्हणतात, आणि त्यांच्याकडेही निगेटिव्हची एक पेटी आहे.

---

रामबागेतले_काका

विचारायचं काय त्यात, संध्याकाळी पाचनंतर या. पेटी बरोबर आणा, माझ्याकडे लाइटबॉक्स आहे.