शब्दचर्चा: दोरी ओढून हात गालाशी थांबतो, त्या जागेला काय म्हणावं?

रानवारा
आमच्याकडे सुट्टीत मुलांसाठी बांबूच्या धनुष्याचं शिबिर भरतं. त्यासाठी एक इंग्रजी टिपण मराठीत आणतोय. पाय, खांदे, मूठ, कोपर इथपर्यंत सुरळीत झालं, 'अँकर पॉइंट'पाशी अडलो. दोरी पूर्ण ओढली की बोट दर वेळी चेहऱ्यावर एकाच ठिकाणी टेकायला हवं. बहुतेकांचं ते तोंडाच्या कोपऱ्याशी टेकतं. या धनुष्याला साइट, म्हणजे नेम धरायची खूण, नसते, त्यामुळे बाणाचं मागचं टोक डोळ्याखाली नेमकं कुठे आहे यावरच नेम ठरतो. ओढ 70 सेंटिमीटर धरली आणि मागचं टोक अर्धा सेंटिमीटर खाली राहिलं, तर 30 मीटरवर बाण साधारण 20 सेंटिमीटर वर लागतो. म्हणजे सगळ्या टिपणात हाच शब्द सर्वांत महत्त्वाचा. 'नांगरबिंदू'ने मुलांना शेत आठवेल, 'स्थिरबिंदू' गणितातला वाटतो. काय वापरू?

अमरकोशी
आपल्याकडे याचा विचार फार पूर्वी झालाय. 'आकर्ण' हा शब्दच बघा, कानापर्यंत ओढलेलं. धनुर्वेदात ओढीचे पाच प्रकार आहेत: कैशिक, सात्त्विक, वत्सकर्ण, भरत आणि स्कंध. केसांच्या मुळाशी ओढली तर कैशिक, कानाशी वत्सकर्ण, मानेशी भरत, खांद्याशी स्कंध. या प्रकारांना 'व्याय' म्हणतात. तोच घ्या. अमरकोशात धनुष्याच्या मधल्या भागाला 'लस्तक', टोकाला 'अटनी' आणि दोरीचा फटका बसू नये म्हणून हातावर बांधायच्या चामड्याला 'गोधा' आहे. बाणाच्या सरावाला तर 'उपासन' म्हटलंय. एवढं घरात असताना उसनवारी कशाला?

सातारी मावशी
सर, शब्द सुंदर आहेत, पण मैदानावर यायला हवेत ना. माझा भाचा धनुर्विद्या शिकतो. 2023 मध्ये बर्लिनला आदिती स्वामी आणि ओजस देवतळे जगज्जेते झाले, तेव्हापासून आमच्या साताऱ्यात घरोघरी हा खेळ माहीत झालाय. त्यांचं कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं, धनुष्य वेगळं, पण शिकवण्याची बोली तीच. सर सांगतात, "अँकर लाव, घाई नको, आता सोड." हे सगळं दोनतीन सेकंदांत होतं. 'व्याय' म्हटलं तर मूल आधी त्याचा अर्थ विचारणार, आणि तेवढ्यात खांदा वर आलेला असतो. अँकर मराठीच झालाय आता, स्टेशनसारखा.

अमरकोशी
स्टेशनला पर्यायच रुळला नाही. इथे पर्याय हजार वर्षांपूर्वीचा आहे, फक्त आपण तो उच्चारत नाही. न उच्चारलेला शब्द अवघड वाटणारच.

पाटीपेन्सिल
पण सर, 'व्याय' म्हणजे ओढायची रीत. रानवारा यांना जागेचं नाव हवंय. आणि आकर्ण ओढ बांबूच्या हलक्या धनुष्यावर, तीन बोटांनी ओढणाऱ्या मुलांना शिकवायची का, हाही प्रश्न आहेच. हात कानामागे नेला तर बाणाचं टोक डोळ्याखाली राहत नाही, आणि नेम धरायला मुलांजवळ तेवढंच असतं.
माझं मत 'ठेप'ला. पाहुणा दारात येऊन ठेपतो, तसा हात गालाशी येऊन ठेपतो. "ठेप लागली का?" हे ओरडूनही सांगता येतं.

नंदुरबारी
आमच्याकडे तीरकामठा घरात खुंटीला असायचा. बांबूचा कामठा आणि दोरीही बांबूच्याच सालीची. ती सुताच्या दोरीसारखी मऊ नसते, बोटाला कडक लागते. आमच्या आजाने मला या जागेचं नाव कधी सांगितलं नाही. तो माझा हात धरून गालाला लावायचा आणि विचारायचा, "बसला का?" नीट बसला नसेल तर दोरी परत सैल करायला लावायचा, बाण सोडू द्यायचा नाही. नाम कशाला पाहिजे? "हात बसला" एवढं पुरतं. टिपणात नाम लागत असेल तर 'बैठक' घ्या, हाताची बैठक.

रानवारा
'बैठक' आवडला, दादा. फक्त त्याच टिपणात पायांची ठेवणही आहे. तिथे बैठक आणि इथे बैठक, गोंधळ होईल का?

अमरकोशी
पायांच्या ठेवणीला आलीढ आणि प्रत्यालीढ आहेत.

सातारी मावशी
पायांना 'पवित्रा' म्हणा ना. दांडपट्ट्यात तोच आहे आणि लहान पोरालाही कळतो.

पाटीपेन्सिल
मावशी, पवित्रा एकदम बरोबर.
पण मला वरच्या एका शब्दावर बोलायचंय. तुमचे सर "आता सोड" म्हणतात, तिथेच मुलांचं बिघडतं. 'सोड' म्हटलं की मूल बोटं उघडायला जातं. बोटं ताठ उघडली की दोरी बाजूला ढकलली जाते, हात गालापासून फटकन बाहेर येतो आणि बाण भरकटतो. बोटं नुसती सैल पडायला हवीत. पाठीचा ताण चालू असला की दोरी आपणच त्यांना बाजूला सारून जाते आणि हात मागे मानेकडे सरकतो. म्हणजे बाण 'सोडायचा' नसतो, तो 'सुटायला' हवा. मराठीत हा फरक एका शब्दात दाखवता येतो, इंग्रजीला त्यासाठी वाक्य लागतं. टिपणात 'सोडा' कुठेही लिहू नका.

नंदुरबारी
हे पटलं. आजा म्हणायचा, "जाऊ दे त्याला."

सातारी मावशी
पटतंय, पण सूचना द्यायला आज्ञार्थ लागतो. 'सूट' असं कुणाला सांगणार?

अमरकोशी
संस्कृतात 'मोक्ष' आहे. शरमोक्ष.

टेम्सकाठी
या धाग्यात एक शब्द कुणीच काढला नाही म्हणून लिहिते. 'शिस्त'. फारसीत 'शस्त' म्हणजे अंगठा, आणि धनुर्धर दोरी ओढताना अंगठ्यात घालतात ती अंगठीही. तुर्की, मोगल, मंगोल सगळे दोरी अंगठ्याने ओढायचे. शाहजहानची जेडची अशी अंगठी इथे लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. एका बाजूला जिभेसारखी पुढे आलेली, दोरी त्या भागावर बसते. हिंदीत 'शिस्त बांधना' म्हणजे नेम धरणं. अंगठी, मग नेम, मग नेमकेपणा, मग आपली शाळेतली शिस्त, असा प्रवास मला दिसतो.

अमरकोशी
शिस्त सरळ 'शास्' धातूवरून. शिष्ट, शिष्य, शासन, शिस्त. फारसीला जायची गरज नाही.

टेम्सकाठी
मग हिंदीत तिचा अर्थ नेम कसा? 'शास्'पासून नेमापर्यंत रस्ता दाखवा. आणि 'शिष्ट' आपल्याकडे वेगळा शब्द म्हणून शाबूत आहे. तोच 'ष्ट'चा 'स्त' होऊन दुसऱ्यांदा का येईल?

नंदुरबारी
ताई, अंगठ्याचं बादशहांकडे असेल. आमच्याकडे अंगठा लावत नाहीत, पहिल्या दोन बोटांत ओढतात. लहानपणी विचारलं की एकलव्याचं नाव सांगायचे. म्हणून 'शस्त'वरून आलेला शब्द असेल तर तो आमच्या कामठ्याला नको.

पाटीपेन्सिल
कामठ्यावरून आठवलं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात 'कमठा' आहे, धनुष्य या अर्थाने. मला तो कमठ म्हणजे कासवावरून आलेला वाटतो, पाठीच्या बाकामुळे.

अमरकोशी
संस्कृत कोशांत कमठचा अर्थ बांबू असाही दिलाय. बांबूचं धनुष्य समोर असताना कासवापर्यंत कशाला जायचं?

रानवारा
मंडळी, टिपण सोमवारी छापायला जायचंय. 'ठेप' की 'बैठक'? मावशी, तुमच्या भाच्याला दोन्ही म्हणून बघायला सांगाल का?

सातारी मावशी
सांगते. पण कंसात अँकर ठेवा, माझं ऐका.

टेम्सकाठी
दोरीसाठी 'प्रत्यंचा', 'ज्या', 'चिल्ला' यांतलं टिपणात काय घेतलंय? चिल्लाही फारसीच आहे, अमरकोशी सर.

अमरकोशी
'जीवा' घ्या. शाळेच्या भूमितीत वर्तुळाची जीवा मुलं शिकतातच, ती मुळात धनुष्याची दोरी. आणि कंस म्हणजे चाप, धनुष्यच.

नंदुरबारी
दोरीला दोरी म्हणा.